कोऑपरेट की कोलॅबोरेट? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

'प्लीज कोलॅबोरेट विथ द सिक्युरिटी स्टाफ' अशी पाटी दारावर लावली, तर येणाऱ्याला काय करायचं ते कळतं, पण ज्याचं इंग्रजी मुरलेलं आहे तो मनातल्या मनात हसतो. पाटीला म्हणायचंय एवढंच, की बॅग तपासू द्या, ओळखपत्र दाखवा, हुज्जत घालू नका. वाक्य मात्र सुचवतं, की सुरक्षारक्षकांच्या शेजारी बसा आणि मिळून काहीतरी नवं घडवा. उलटी चूकही होते आणि ती जास्त बोचते. दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र डोकं लढवून संशोधन केलं आणि एकाने शिफारसपत्रात दुसऱ्याबद्दल 'ही कोऑपरेटेड वेल' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, हा गडी मागितलेले कागद वेळेवर आणून देत असावा.

मराठीत आपण दोन्ही शब्दांना 'सहकार्य' म्हणून मोकळे होतो. शब्दकोश उघडला तरी दोघांपुढे 'एकत्र काम करणे' हाच अर्थ पहिला सापडतो. तो चुकीचा नाही, पण वाक्य लिहायला पुरत नाही. शब्दांच्या मुळाशी जाऊनही फारसं हाती लागत नाही. दोन्ही लॅटिनमधून आलेले. एकाच्या पोटात 'ओपस' म्हणजे काम, दुसऱ्याच्या पोटात 'लेबर' म्हणजे कष्ट. म्हणून कोलॅबोरेशनमध्ये घाम जास्त गाळावा लागतो, असं कुणी समजावलं तर ती ओढाताण समजा.

काम कुणाचं, हे आधी विचारा

माझ्या मते या दोन शब्दांतला फरक एकाच प्रश्नावर ठरतो: काम कुणाचं आहे?

कोऑपरेशनमध्ये काम मुळात एकाचं असतं, नाहीतर ज्याचं त्याचं वेगळं असतं. दुसरा आडवा येत नाही, विचारलं ते सांगतो, ठरलं ते पाळतो. दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून बसलेला रुग्ण कोऑपरेट करतो. दात काढण्याचं काम डॉक्टरांचं. रुग्णाने हलायचं नाही, इतकंच. म्हणूनच इंग्रजीतल्या केसपेपरवर 'पेशंट कोऑपरेटिव्ह' असा शेरा असतो, त्या जागी 'कोलॅबोरेटिव्ह' कुणी लिहीत नाही. साक्षीदार पोलिसांशी कोऑपरेट करतो, प्रवासी विमानातल्या कर्मचाऱ्यांशी, हिशेब तपासून घेणारी कंपनी लेखापरीक्षकाशी.

कोलॅबोरेशनमध्ये काम दोघांचं असतं आणि त्यातून जे तयार होतं त्यावर नावही दोघांचं लागतं. हार्डी आणि लिटलवुड या इंग्रज गणितज्ञांनी तीसहून अधिक वर्षं मिळून शोधनिबंध लिहिले. त्या जोडीला इंग्रजीत कोलॅबोरेशनच म्हणतात. हंगेरीचे पॉल एर्डिश तर पाचशेहून अधिक गणितज्ञांचे सहलेखक होते. त्यांच्यावरूनच 'एर्डिश नंबर' निघाला. त्यांच्याबरोबर थेट निबंध लिहिणाऱ्याचा नंबर एक, त्या माणसाबरोबर लिहिणाऱ्याचा दोन, अशी ती उतरंड, आणि या अंतराचं इंग्रजी नाव 'कोलॅबोरेशन डिस्टन्स'. एर्डिश आयुष्यभर एक सुटकेस घेऊन या गणितज्ञाच्या घरून त्या गणितज्ञाच्या घरी मुक्काम हलवत राहिले. त्यांची झोपायची, जेवायची सोय केल्याबद्दल मात्र कुणाला नंबर मिळाला नाही. निबंधावर दोघांची नावं हवीत, तरच.

कोलॅबोरेशनला ही छटा आली कुठून, याचं उत्तर इतिहासात आहे. कोऑपरेशन हा शब्द इंग्रजीत शतकानुशतकं वापरात होता. 'कोलॅबोरेटर' आणि त्यामागोमाग 'कोलॅबोरेट' हे क्रियापद एकोणिसाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेने रुळलं, आणि तेही मुख्यतः लेखन, कला आणि विज्ञान या क्षेत्रांतून. दोघांनी मिळून नाटक लिहिलं, दोघांनी मिळून शोध लावला, हे सांगायला हा शब्द आला. आजही त्याची ओढ तिकडेच आहे.

चूक: कोलॅबोरेशन म्हणजे कोऑपरेशनची वरची पायरी

व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत एक शिडी हमखास दाखवतात. खाली कोऑर्डिनेशन, मध्ये कोऑपरेशन, सगळ्यात वर कोलॅबोरेशन. शिडी चढत जा, टीम सुधारत जाते. प्रशिक्षणाला ती सोयीची असेल, पण तिच्यामुळे लोक असं धरून चालतात, की कोऑपरेशन हा जरा कमी दर्जाचा शब्द आहे आणि छाप पाडायची असेल तर प्रत्येक ठिकाणी कोलॅबोरेशन लिहावं. पाटीवरची ती चूक इथूनच येते.

आता मोठमोठ्या संस्था आणि करारांची नावं पाहा. 1961 साली सुरू झालेली ओईसीडी ही 'आर्थिक कोऑपरेशन'ची संघटना आहे. 1970 चा पेटंटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 'पेटंट कोऑपरेशन ट्रीटी' या नावाचा. आखाती देशांची 1981 ची परिषद, 1985 ची सार्क, 2001 ची शांघाय संघटना, सगळीकडे कोऑपरेशन. सार्वभौम देश एका टेबलाशी बसतात तेव्हा प्रत्येकाला आपलं घर आपल्या ताब्यात ठेवायचं असतं. एकमेकांना सवलती द्यायच्या, माहिती द्यायची, नियम जुळवून घ्यायचे, पण मालकी ज्याची त्याची. याला कोऑपरेशनच म्हणतात, आणि यात कमीपणा कसला?

विज्ञानातल्या अवाढव्य प्रयोगांकडे वळलं की मात्र नाव बदलतं. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या शास्त्रज्ञांचा समूह म्हणजे 'लायगो सायंटिफिक कोलॅबोरेशन'. 10 एप्रिल 2019 रोजी कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे ठेवली ती 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप कोलॅबोरेशन'ने. इथे निष्कर्ष एक, निबंध एक आणि त्याची जबाबदारी सगळ्यांची.

सगळ्यात बोलकं उदाहरण सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचं. तिथल्या प्रचंड कण-त्वरकावर 'ॲटलास' आणि 'सीएमएस' असे दोन मोठे प्रयोग चालतात. त्वरक एकच, पण शोधयंत्रं वेगळी, माणसं वेगळी, विश्लेषणही मुद्दाम स्वतंत्र ठेवलेलं, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर तपासता येतं. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याचं दोघांनी आपापल्या आकड्यांनिशी जाहीर केलं. ॲटलासच्या आतल्या हजारो लोकांमध्ये जे होतं ते कोलॅबोरेशन. दोन प्रयोगांमध्ये मात्र चुरस होती, आणि एकाच यंत्रावर राहायचं म्हणून कोऑपरेशनही. मग 2015 मध्ये दोघांनी आपली मोजमापं एकत्र करून हिग्जच्या वस्तुमानावर एकच निबंध लिहिला. त्यावर 5,154 लेखकांची नावं होती. 33 पानांतली 24 पानं नावं आणि संस्थांच्या यादीनेच खाल्ली. त्या निबंधापुरतं त्या दोन प्रयोगांमध्येही कोलॅबोरेशन झालं. तीच माणसं आणि तीच जागा, पण काम कुणाचं हे बदललं तसा शब्दही बदलला. यात शिडी चढण्याचा प्रश्नच आला नाही.

आणखी एक गोष्ट शिडीत बसत नाही. कोऑपरेशन न बोलताही होऊ शकतं. 1950 मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या आणि अल्बर्ट टकर यांनी 'प्रिझनर्स डिलेमा' असं नाव दिलेल्या कोड्यात दोन कैदी वेगवेगळ्या खोल्यांत असतात. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. तरी एकाने दुसऱ्याविरुद्ध तोंड उघडलं नाही, तर गेम थिअरीत, म्हणजे डावपेचांच्या गणितात, त्याला 'कोऑपरेट करणं' म्हणतात. जीवशास्त्रातही मुंग्यांचं, पेशींचं कोऑपरेशन असतं. कोलॅबोरेशन मुक्याने होत नाही. त्यात बोलणं, भांडणं, एकमेकांचं खोडणं आलंच.

चूक: 'कोलॅबोरेटर' कुठेही चालतो

हा शब्द वापरताना आजूबाजूला कोणता विषय आहे ते पाहावं लागतं.

24 ऑक्टोबर 1940 रोजी फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्रप्रमुख मार्शल पेताँ माँत्वार या गावी हिटलरला भेटले. फ्रान्स हरला होता, अर्ध्याहून अधिक देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. 30 ऑक्टोबरला पेताँ यांनी रेडिओवरून देशाला सांगितलं, की मी कोलॅबोरेशनच्या मार्गावर पाऊल टाकत आहे. त्यांनी हा शब्द चांगल्या अर्थाने वापरला होता. पण पुढच्या चार वर्षांत त्या मार्गावर जे जे घडलं, त्याने शब्दाला कायमचा डाग लागला. युद्धानंतर 1945 मध्ये पेताँ यांना देहदंडाची शिक्षा झाली, ती तेव्हाचे सरकारप्रमुख द गॉल यांनी जन्मठेपेवर आणली. तेव्हापासून इंग्रजीत 'कोलॅबोरेटर' म्हणजे शत्रूला सामील झालेला माणूस, फितूर, असाही एक अर्थ शब्दकोशात बसला. 'कोलॅबोरेशनिस्ट'ला तर दुसरा अर्थच नाही.

त्यामुळे संगीत, संशोधन, सॉफ्टवेअर या विषयांत 'माय कोलॅबोरेटर' म्हणणं अगदी स्वच्छ. पण युद्ध, परकी सत्ता, वसाहती, पोलीस किंवा राजकीय बंदी यांच्याबद्दल लिहिताना हाच शब्द आरोप ठरतो. 'ही कोऑपरेटेड विथ द पोलीस' म्हणजे त्याने चौकशीत सहकार्य केलं. 'ही कोलॅबोरेटेड विथ द पोलीस' वाचलं की संशयाची पाल चुकचुकते: हा खबऱ्या होता की काय? एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचं चरित्र इंग्रजीत आणताना 'त्यांनी अधिकाऱ्यांना सहकार्य केलं' या वाक्याचं काय करता, यावर माणसाची अब्रू ठरू शकते.

1920 मध्ये गांधीजींनी सुरू केलेल्या असहकार चळवळीचं इंग्रजी नाव 'नॉन-कोऑपरेशन' आहे, आणि ते नेमकं आहे. राज्य ब्रिटिशांचं होतं. शाळा, न्यायालयं, परिषदा, पदव्या यांतून भारतीय माणूस ते चालू ठेवायला मदत करत होता. ती मदत काढून घ्या, असं आवाहन होतं. राज्य दोघांचं मिळून चाललंय असं कुणीच मानत नव्हतं.

यावर कुणी विचारेल, की मग माणसासाठी 'कोऑपरेटर' लिहिलं तर? व्याकरणाने तो शब्द आहे, पण रोजच्या इंग्रजीत सहसा कुणी वापरत नाही. 'माय कोऑपरेटर ऑन धिस प्रोजेक्ट' हे कानाला खटकतंच. विषय नाजूक असेल तर 'पार्टनर', 'को-ऑथर', 'कलीग' हे शब्द आहेत.

वाक्यरचनेतल्या चुका

इथे मराठी आपल्याला दगा देते. 'मला सहकार्य करा' हे मराठीत बिनचूक, म्हणून 'प्लीज कोऑपरेट मी' किंवा 'काइंडली कोऑपरेट अस' असं लिहिलं जातं. दोन्ही इंग्रजी क्रियापदं अकर्मक आहेत. माणसाच्या आधी 'विथ' हवाच: 'कोऑपरेट विथ अस'. कामाच्या बाबतीतही तसंच. 'वी कोलॅबोरेटेड द रिपोर्ट' होत नाही, 'वी कोलॅबोरेटेड ऑन द रिपोर्ट' होतं. पूर्ण साचा लक्षात ठेवायचा तर 'विथ' माणसाला, 'ऑन' कामाला.

'कोलॅबोरेट टुगेदर' आणि 'कोऑपरेट टुगेदर' यांतलं 'टुगेदर' फुकटचं आहे. 'को' आणि 'कोल' यांतच 'एकत्र' आलं. बोलताना जाऊ दे, अर्जात नको.

'डू कोऑपरेशन' आणि 'गिव्ह कोलॅबोरेशन' हीसुद्धा मराठीचीच सावली. सरळ क्रियापद वापरावं. कचेरीच्या पत्रांत 'एक्स्टेंड युअर कोऑपरेशन' दिसतं. ते चूक नाही, पण इस्त्री जरा जास्त झालेली असते.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. 'अ कोलॅबोरेशन', 'थ्री कोलॅबोरेशन्स' असं बिनदिक्कत म्हणता येतं. 'थ्री कोऑपरेशन्स' म्हणता येत नाही. कोऑपरेशन हे मोजता न येणारं नाम आहे, ते वागण्याला मिळालेलं नाव. कोलॅबोरेशन हे वागण्याचं नाव आहेच, शिवाय त्यातून निघालेल्या वस्तूचंही आहे. गाणं, निबंध, कपड्यांची मालिका, हे सगळं 'अ कोलॅबोरेशन' असू शकतं. त्यामुळे वाक्यात आकडा किंवा अनेकवचन आलं असेल आणि तुम्ही कोऑपरेशन लिहिलं असेल, तर थांबून पुन्हा वाचा.

विशेषणं आणि बायोडेटा

'कोऑपरेटिव्ह' माणूस म्हणजे सांगितलं ऐकणारा, अडवणूक न करणारा. लहान मुलाबद्दल, रुग्णाबद्दल, साक्षीदाराबद्दल ही स्तुती आहे. दहा वर्षं टीम सांभाळलेल्या माणसाच्या शिफारसपत्रात मात्र 'शी इज व्हेरी कोऑपरेटिव्ह' लिहिलं, तर ती स्तुती फार पातळ होते. तिथे 'कोलॅबोरेटिव्ह' हवं, आणि खरं सांगायचं तर विशेषणापेक्षा तिने कुणाबरोबर काय तयार केलं, ते एक वाक्य हवं. आजकाल बायोडेटांत 'कोलॅबोरेटिव्ह' इतकं स्वस्त झालंय, की नुसता शब्द वाचून कुणाचीच भुवई उंचावत नाही.

उलट शब्दाची गंमत पाहा. 'अनकोऑपरेटिव्ह' हा रोजचा शब्द आहे आणि त्यात राग आहे. 'अनकोलॅबोरेटिव्ह' क्वचितच दिसतो. जे देणं अपेक्षित होतं ते दिलं नाही तर तक्रार होते. एकत्र निर्मिती करायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला.

'वी आर अ कोऑपरेटिव्ह कंपनी' हे वाक्य तर चांगलंच गोत्यात आणतं. तुम्हाला म्हणायचं असतं, की आमचे लोक मदतीला तत्पर आहेत. वाचणारा समजतो, की ही सहकारी संस्था आहे, म्हणजे सभासदांच्या मालकीची आणि एका सभासदाला एक मत असलेली. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे कामगारांनी दुकान काढलं, 1895 मध्ये लंडनला सहकारी संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि 'कोऑपरेटिव्ह' हा शब्द मालकीच्या एका विशिष्ट पद्धतीला चिकटला. कंपनीच्या नावापुढे तो विशेषण म्हणून टाकताना हे भान हवं.

(कारखान्यांत माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे जे यंत्रमानव असतात त्यांना 'कोलॅबोरेटिव्ह रोबो' म्हणतात, लाडाने 'कोबॉट'. माझ्या हिशेबाने तो बिचारा फार तर कोऑपरेट करतो. पण नाव रुळलं, आता बदलणार नाही.)

दिसायला सारखे, अर्थाला परके

'थँक यू फॉर युअर कॉर्पोरेशन.' हे वाक्य असलेले ईमेल रोज जगभर जात असतील. कॉर्पोरेशन म्हणजे महामंडळ किंवा मोठी कंपनी. त्याचं मूळ 'कॉर्पस' म्हणजे शरीर. शब्द खरा असल्याने संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढत नाही. तीच गत 'कॉर्पोरेट' आणि 'कोऑपरेट' यांची. लिहिताना 'को' म्हणून थांबा, मग 'ऑपरेट' लिहा. ऑपरेशनचं स्पेलिंग येत असेल तर हेही आलंच.

'कोलॅबोरेट'चा सोंगाड्या भाऊ म्हणजे 'कॉरॉबोरेट'. त्याचा अर्थ दुजोरा देणं, पुराव्याने पक्कं करणं. 'द विटनेस कोलॅबोरेटेड हिज स्टोरी' असं लिहिलं तर साक्षीदाराने आरोपीबरोबर बसून गोष्ट रचली असा अर्थ निघू शकतो! म्हणायचं होतं, की त्याच्या सांगण्याला दुजोरा दिला. कायदेशीर लिखाणात ही चूक महाग पडेल. कोलॅबोरेटमध्ये सुरुवातीला दोन 'एल' आणि पुढे 'लेबर' दडलेलं आहे. कॉरॉबोरेटमध्ये दोन 'आर'.

कोऑपरेशनमध्ये हायफन घालायचा की नाही? दोन्ही चालतं, ब्रिटिश लिखाणात तो जास्त दिसायचा. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. संस्थेचं नाव मात्र ती संस्था लिहिते तसंच: ओईसीडीच्या पूर्ण नावात हायफन आहे, सार्कच्या नाही. संक्षेप करताना मात्र हायफन सोडू नका. 'को-ऑप' म्हणजे सहकारी संस्था. हायफन गेला की उरतो 'कूप', म्हणजे कोंबड्यांचं खुराडं.

करार, कोलॅब आणि परीक्षा

व्यवहारातल्या कागदांवर हा फरक सरळ पैशांवर आणि हक्कांवर येतो. 'द पार्टीज शॅल कोऑपरेट' हे कलम सांगतं, की तपासणीला आडकाठी करू नका, मागितलेली माहिती द्या. विम्याच्या पॉलिसीतही 'कोऑपरेशन क्लॉज' असतो: दावा केलात तर विमा कंपनीच्या चौकशीत मदत करणं हे तुमचं कर्तव्य. 'कोलॅबोरेशन ॲग्रीमेंट' हा वेगळाच प्राणी. त्यात कोण किती खर्च करणार आणि जे तयार होईल त्याचे हक्क कुणाकडे, हे ठरतं. ज्याच्याकडून फक्त दोन आकडे हवे आहेत त्याला 'वुड यू लाइक टु कोलॅबोरेट' असा ईमेल पाठवलात, तर तो आपलं नाव कितव्या क्रमांकावर येणार हे विचारेल. त्यात त्याचा दोष नाही. कार्यक्रमाच्या फलकावर 'इन कोलॅबोरेशन विथ' लिहिलं, की आखणीतही त्या संस्थेचा हात आहे असं समजलं जातं. फक्त पैसे किंवा जागा दिली असेल तर 'सपोर्टेड बाय' बरं.

समाजमाध्यमांवर या शब्दाचा 'कोलॅब' झाला. 2021 मध्ये इन्स्टाग्रामने त्याच नावाची सोय आणली. एकच पोस्ट एकाहून अधिक खात्यांवर, सगळ्यांच्या नावाने. ती सोय शब्दाला जागणारी आहे. पण पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या जाहिरातीलाही 'कोलॅब' म्हणायची रीत पडली आहे. ती जाहिरात आहे. प्रेक्षकांना तसं सांगणं अनेक देशांत बंधनकारक असतं, आणि 'कोलॅब' हा शब्द तिथे पुरतोच असं नाही.

विद्यार्थ्यांनी तर जास्तच जपावं. परदेशी विद्यापीठांच्या नियमांत 'अनऑथराइज्ड कोलॅबोरेशन' हा गैरप्रकार म्हणून नोंदलेला असतो. एकट्याने सोडवायच्या गृहपाठावर मित्राशी नुसती चर्चा केली असेल आणि प्राध्यापकांना भाबडेपणाने 'वी कोलॅबोरेटेड ऑन द आन्सर्स' असं कळवलं, तर तो कबुलीजबाब ठरतो. 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम' हे खरंही आहे आणि सुरक्षितही.

शिक्षणशास्त्रात हा भेद काटेकोर आहे. जेरेमी रोशेल आणि स्टेफनी टीझली यांनी 1995 मध्ये तो मांडला: काम वाटून घेऊन ज्याने त्याने आपला भाग करणं हे कोऑपरेटिव्ह, आणि एकाच प्रश्नावर सगळ्यांनी मिळून डोकं चालवणं हे कोलॅबोरेटिव्ह. चौघांनी प्रकल्पाचे चार भाग करून शेवटच्या रात्री स्टेपल मारला, तर तो पहिल्या प्रकारात मोडतो, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो.

सगळ्या शास्त्रांनी मात्र ही रेघ पाळलेली नाही. संगणकाच्या मदतीने माणसं एकत्र काम कशी करतात, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला 1984 मध्ये आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी नाव दिलं त्यात 'कोऑपरेटिव्ह वर्क' आहे. त्या शाखेतल्या निबंधांत मात्र कोलॅबोरेशन पानोपानी भेटतं. त्यामुळे मान्यवर लेखकाने उलटसुलट वापर केलेला दिसला, तर लगेच लाल पेन काढू नका.

लिहून झालंय, आता तपासायचंय

वाक्य तयार आहे आणि शंका आहे, तर मी तीन गोष्टी पाहतो. यांनी एकमेकांशी चकार शब्द न बोलता हे झालं असतं का? हो असेल तर कोऑपरेट. शेवटी जे तयार झालं त्यावर दोघांचं नाव लागेल का? हो असेल तर कोलॅबोरेट. तिसरी कसोटी नकाराची, आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. दुसऱ्याने नाही म्हटलं असतं, तर त्याने अडवणूक केली असं आपण म्हटलं असतं, की त्याने आमंत्रण नाकारलं असं? अडवणूक असेल तिथे कोऑपरेट, आमंत्रण असेल तिथे कोलॅबोरेट. दारावरची पाटी या तिसऱ्या कसोटीवर लगेच सापडते.

कधी कधी दोन्ही शब्द बसत नाहीत, कारण म्हणायचं वेगळंच असतं. दोन विभागांनी तारखा जुळवल्या, एकमेकांच्या कामावर आदळू नये म्हणून वेळापत्रक ठरवलं, तर ते 'कोऑर्डिनेट'. एकाने दुसऱ्याच्या कामात थोडी भर घातली, तर 'कॉन्ट्रिब्यूट'. वरिष्ठाने सांगितलेलं केलं, तर 'असिस्ट'. तिथे कोलॅबोरेट लिहिणं ही बढाई, आणि मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ती उघडी पडते. यातलं काहीच नक्की होत नसेल, तर 'वर्क्ड विथ' लिहा आणि पुढे कुणी काय केलं ते लिहा: 'आय वर्क्ड विथ द डिझाइन टीम, दे ड्रू द स्क्रीन्स, आय रोट द टेक्स्ट.'